सुनेची सराव परीक्षा

आमच्या वडिलांना सगळे सर म्हणतात. सगळे म्हणजे अगदी दूधवाल्यापासून केस कापणाऱ्यापर्यंत सगळे. आई घरात ‘अहो’ म्हणते, पण चारचौघांत ‘सरांना विचारून सांगते’ असंच म्हणते. मी आणि दादा लहानपणी त्यांना बाबा म्हणायचो. पण क्लासच्या वेळात बाबा म्हटलं की ते ऐकू न आल्यासारखं करायचे, आणि क्लास दिवसभर चालायचा. मग आम्हीही सरच म्हणायला लागलो.

सर कुठल्याही शाळेत नोकरीला नव्हते. त्यांनी जन्मभर घरीच शिकवण्या घेतल्या. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे क्लास. तीन बाकं, एक फळा, एक डुगडुगणारी खुर्ची आणि कोपऱ्यात मुलांनी विसरलेल्या छत्र्यांचा ढीग. घरात सोफा नाही, कारण सोफ्यावर बसून कुणी पास होत नाही असं सरांचं मत आहे. पाहुणे आले की बाकांवर बसतात. दोन पाहुणे एकदम बोलायला लागले तर सर खडू हातात घेतात, आणि मग कुणीच बोलत नाही.

सरांचा एकच सिद्धांत होता. जगात अशी परीक्षा नाही जिची तयारी करून घेता येत नाही. शाळेच्या परीक्षा तर सोडाच, त्यांनी दूधवाल्याला गाडीच्या लायसन्सच्या लेखी परीक्षेत पास केलं, बिचाऱ्याला गाडी घेणं जमलं नाही ते सोडा. त्यांची कळसाची कामगिरी म्हणजे आमची आत्या. आत्याला चष्मा नको होता. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, तिथे भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे. सरांनी एक दिवस दुकानात येऊन तो तक्ता उतरवून नेला आणि आत्याकडून खालच्या ओळीपर्यंत पाठ करून घेतला. आत्याने डोळे तपासणाऱ्या साहेबांसमोर सगळी अक्षरं खणखणीत आवाजात म्हणून दाखवली. साहेब म्हणाले, या वयात अशी नजर मी पाहिली नाही. मग आत्या उठली आणि दरवाजा समजून आरशातून बाहेर जायला निघाली.

या घरात वहिनी आली. वहिनी केकच्या दुकानात केकवर नावं लिहायची. क्रीमने इतकं सुंदर अक्षर काढायची की सरांना खडूने ते जमायचं नाही, आणि सरांना ते आवडायचं नाही. ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा सरांनी तिला पहिल्या बाकावर बसवलं. ती म्हणाली, “पंखा दुसऱ्या बाकावर आहे,” आणि उठून दुसऱ्या बाकावर बसली. आमच्या घराला असा धक्का आधी कधी बसला नव्हता.

नंतर तर रोजचंच झालं. सर काहीतरी छातीठोकपणे सांगायचे आणि स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “सर, असं नसतं.” व्हेल मासा अंडी घालतो की नाही यावरून त्या दोघांचं एकदा दोन जेवणं पुरेल इतकं भांडण झालं. व्हेल अंडी घालत नाही असं सिद्ध झाल्यावर वहिनी जी हसली, ती ऐकून क्लासमधली मुलं पुस्तकं मिटून हसायला लागली. तिचं हसणं तसंच होतं. खिडक्या लावूनही बाहेर जायचं. सर म्हणायचे, “ही सून नाही, हा विरोधी पक्ष आहे.” पण ती चार दिवस माहेरी गेली की ते आमच्यासमोर मुद्दाम चुकीचं काहीतरी बोलायचे आणि कुणी उलट बोलत नाही म्हणून चिडायचे.

तिला दिवस गेले तेव्हा ती तपासणीला जवळच्या दवाखान्यात जायची. तिथल्या सिस्टर म्हणजे ठेंगणी, दणकट आणि कुणाला न भिणारी बाई. पोटात बाळ असतानाच त्या प्रत्येकीला एकदा बाजूला घेऊन विचारत, मन कसं आहे, झोप लागते का, कशाची धास्ती वाटते का. वहिनीने तेव्हा त्यांना सांगितलं होतं, “सासरे सोडले तर कशाचंच टेन्शन नाही.” सिस्टर इतक्या हसल्या की त्यांनी ब्लडप्रेशर दोनदा मोजलं.

मग बाळ झालं. मुलगी. तिचं नाव ठेवण्याआधीच आम्ही तिला इन्स्पेक्टर म्हणायला लागलो, कारण ती कधीही तपासणीला यायची, ती आली की सगळे उठून उभे राहायचे, आणि नेमकं काय चुकलंय ते शेवटपर्यंत सांगायची नाही. तिचा पाळणा क्लासमध्येच फळ्याखाली लावला, कारण तीच खोली हवेशीर. ती रडली की सर शिकवणं थांबवून म्हणायचे, “बघा, शंका असली की ही लगेच विचारते. तुम्ही विचारता का?”

आणि वहिनी गप्प झाली.

गप्प म्हणजे रुसून गप्प नव्हे. विचारलं तर बोलायची, सांगितलं तर करायची. पण सर काहीही म्हणाले तरी ती “हो सर” म्हणायची. सरांनी मुद्दाम एकदा सांगून पाहिलं की वटवाघूळ हा पक्षी आहे. “हो सर,” वहिनी म्हणाली. सरांना वाटलं, आई झाली आणि सुधारली. ते खूश होऊन आईला म्हणाले, “शेवटी आपल्या घराचं वळण लागलं बरं का.”

मला ते वळण काही बरं दिसेना. ती बाळाचे कपडे वाळत घालायला जायची आणि ओला कपडा हातात धरून तशीच उभी राहायची. पाणी ठिबकून पायाशी तळं व्हायचं. बाळ झोपलं तरी ही झोपायची नाही, तिसऱ्या बाकावर बसून कोऱ्या फळ्याकडे बघत राहायची. बाळाला घ्यायची ते इतकं घाबरत घ्यायची, की जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे आणि परत द्यायचंय. मी आईला म्हटलं, वहिनीचं काहीतरी बिनसलंय. आई म्हणाली, “बाळ झालं की बायका शांत होतातच. मीही झाले होते.”

“मग तू परत कधी बोलायला लागलीस?”

आईने कपात साखर ढवळत मनात हिशेब केला. “तू शाळेत जायला लागल्यावर,” ती म्हणाली, आणि मग स्वतःच चपापली.

दादाला सांगावं तर दादा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. लोक लिफ्टमध्ये कुठल्याही वेळेला अडकतात, त्यामुळे दादा कुठल्याही वेळेला घरी येतो आणि मिळेल तिथे झोपतो. तो म्हणाला, “ती म्हणते ठीक आहे.” मी म्हटलं, “ती वटवाघळालाही पक्षी म्हणते.” तोपर्यंत त्याचा डोळा लागला होता.

अशात बाळाच्या दीड महिन्याच्या इंजेक्शनला आम्ही दवाखान्यात गेलो. सर बरोबर होते. सर सगळीकडे बरोबर असतात. इंजेक्शन झालं, इन्स्पेक्टरने दवाखान्याला आपला अभिप्राय कळवला, आणि सिस्टर वहिनीला म्हणाल्या, “पुढच्या वेळी बाळाचं झालं की जरा तुझ्याशी बोलायचंय. घाबरायचं काही नाही, बाळंतपणानंतर सगळ्यांनाच विचारतो. दहा प्रश्न असतात.”

वहिनीने मान हलवली. पण सरांचे कान टवकारले.

“लेखी की तोंडी?” सरांनी विचारलं.

“काय काका?”

सरांना काका म्हटलेलं खपत नाही, पण परीक्षेच्या माहितीसाठी त्यांनी तो अपमान गिळला. “पर्याय दिलेले असतात का?”

“असतात. चार चार.”

“चुकीच्या उत्तराला मार्क कापतात?”

“चुकीचं उत्तर नसतंच त्यात.”

“पोर्शन काय आहे?”

सिस्टरनी आयुष्यात सगळ्या प्रकारची माणसं पाहिली असावीत. त्या शांतपणे म्हणाल्या, “मागचे सात दिवस.”

“फक्त सात दिवस?” सर बाहेर येऊन आईला म्हणाले. “एवढासा पोर्शन. हिला सहज निघेल.”

मी तिथेच कपाळाला हात लावला. पण सरांना एकदा परीक्षेचा वास आला की त्यांना थांबवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्याच संध्याकाळी ते खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंकडे गेले. काकूंच्या मुलीचं बाळंतपण त्याच दवाखान्यात झालं होतं, आणि काकू तिच्या शेजारी बसून सगळं ऐकून आल्या होत्या. मशीन चालवता चालवता काकूंनी आठवतील तसे प्रश्न सांगितले आणि सरांनी पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतले. काकूंनी एक गोष्ट मात्र बजावली. या परीक्षेत जितके मार्क जास्त तितकं वाईट. कमी मिळायला हवेत.

हे ऐकून सर अस्वस्थ झाले. घरी येऊन फेऱ्या मारत म्हणाले, “शून्य मिळवणारा पहिला? ही कसली परीक्षा? अशाने आपला तो छत्री विसरणारा मुलगा कधीच बोर्डात आला असता.” पण तत्त्व बाजूला ठेवून ते तयारीला लागले. काकूंना नऊच प्रश्न आठवले होते, म्हणून दहावा सरांनी आपल्या अंदाजाने घातला. ‘सासरच्या मंडळींचं सहकार्य मिळतं का?’ आणि त्याचं आदर्श उत्तर लिहिलं, ‘भरपूर.’

दुसऱ्या दिवशीपासून क्लास सुटला की वहिनीचा वर्ग भरायला लागला. ती बाळाला मांडीवर घेऊन दुसऱ्या बाकावर बसायची, पंखा होता म्हणून नव्हे, सरांनी सांगितलं म्हणून. फळ्यावर प्रश्न, खाली चार पर्याय, आणि योग्य पर्यायाला गोल.

“हसू येतं का? उत्तर काय?”

“हो, नेहमीइतकंच.”

“आवाज चढा ठेव. पुढचं. उगाच स्वतःला दोष देता का?”

“छे.”

“इतक्या घाईने ‘छे’ म्हणायचं नाही. तपासणाऱ्याला संशय येतो. आधी जरा आठवल्यासारखं कर, मग ‘छे’. रडू येतं का?”

“कांदा चिरताना.”

हे उत्तर सरांचंच होतं आणि त्यांना त्याचा फार अभिमान होता. थोडा विनोद घातला की तपासणारा खूश होतो, हा त्यांचा जुना अनुभव. खरं तर सरांच्या क्लासची अशी पद्धत आहे की उत्तर बरोबर आलं तरी मार्क मिळत नाहीत. ‘आता स्वतःचं उदाहरण दे,’ असं सर म्हणतात. पुस्तकातलं चालत नाही, शेजारच्याचं चालत नाही. उदाहरण देता आलं तरच उत्तर समजलं असं धरायचं. वहिनीच्या बाबतीत मात्र सर म्हणाले, “वेळ कमी आहे, उदाहरणं राहू देत.”

वातावरण तयार व्हावं म्हणून सरांनी एक दिवस घरातल्या सगळ्यांचीच परीक्षा घेतली. दादा तिसऱ्या प्रश्नाला बाकावर आडवा झाला, त्याला गैरहजर लावलं. ‘कामं अंगावर आल्यासारखी वाटतात का?’ या प्रश्नाला आईने हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि बोलायला सुरुवात केली. ती थांबेचना. लग्नापासून सुरू करून ती बाकं पुसण्यापर्यंत आली. सर म्हणाले, “पोर्शन फक्त सात दिवसांचा आहे.” आई म्हणाली, “मग सात दिवसांचंच सांगते,” आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. शेवटी सरांनी जाहीर केलं की आईचं नावच नोंदणीत नाही, सबब तिचा पेपर तपासला जाणार नाही. स्वतः सरांना शून्य मार्क मिळाले, आणि ते दिवसभर मिशीला पीळ देत हिंडले.

वहिनीलाही शून्य मिळालं. पहिल्याच फटक्यात, एकही उत्तर न चुकता. सर म्हणाले, अशी विद्यार्थिनी मी पाहिली नाही.

माझं डोकं फिरलं. मी सरांना म्हटलं, “अहो, तिला खरंच कसं वाटतंय ते विचारायचं असतं त्यात.”

“ते सिस्टर विचारतील की. आपण तयारी करून घ्यायची.”

“तयारी करून घेतलीत तर त्यांना खरं कळणार कसं?”

“हे बघ, माझ्या क्लासमधून कुणी नापास झालेलं नाही. आणि ही तर घरातली.”

यापुढे बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मी उठून वहिनीकडे गेले. ती बाळाच्या दुपट्याची घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती. मी विचारलं, “तुला बरं वाटत नाहीये ना? मग हे सगळं कशाला पाठ करतेस?”

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “पास झाले की कुणी काही विचारणार नाही ना?”

म्हणजे ती सरांचं मन राखायला शिकत नव्हती. तिला सुटायचं होतं, आणि सर तिला नेमकी सुटायची वाट दाखवत होते. ती पास झाली असती, सिस्टरनी शाबासकी दिली असती, आणि मग ओला कपडा हातात धरून ती किती दिवस तशीच उभी राहिली असती कोण जाणे. मी ठरवलं, काही झालं तरी त्या दिवशी दुकानात रजा टाकायची आणि सिस्टरना गाठायचं.

तो दिवस आला. आम्ही लवाजम्यासकट दवाखान्यात पोचलो. वहिनी, बाळ, आई, मी, आणि परीक्षेला जाताना घालायचा ठेवणीतला शर्ट घातलेले सर. दादाची लिफ्ट नेमकी मधल्या मजल्यावर अडकली होती. बाहेरच्या बाकांवर सगळ्या आया आणि सगळी बाळं. एक बाळ रडलं की दुसरं त्याला दुजोरा द्यायचं. मी सिस्टरना गाठायला दोनदा उठले, पण त्या एका हाताने वजन करत होत्या, दुसऱ्या हाताने इंजेक्शन देत होत्या आणि तोंडाने तिसरीला दटावत होत्या. इन्स्पेक्टरचं इंजेक्शन झालं. सिस्टर म्हणाल्या, “बस जरा, तुला हाक मारते.”

सरांनी ही संधी सोडली नाही. “चल, शेवटची उजळणी. हसू येतं का?”

“हो सर. नेहमीइतकंच.”

“शाबास. उदाहरण दे.”

ते सवयीने बोलून गेले. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं, ते पुढचा प्रश्न बघत होते. वहिनी मात्र गडबडली. तिने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग परत सरांकडे.

“उदाहरण तुम्ही दिलं नव्हतंत, सर,” ती म्हणाली. “कुठलं सांगायचं?”

सर हसले. “अगं, ते का पाठ करायचं असतं? तुझं तू सांग. परवाचंच घे की. इन्स्पेक्टरने भर वर्गात माझ्या शर्टवर कार्यक्रम उरकला आणि मी तसाच फळ्यावर त्रिकोण काढत राहिलो. सगळा वर्ग हसून लोळत होता. ही पण हसली,” ते आईकडे बोट दाखवून म्हणाले. “तू तिथेच होतीस.”

“होते.”

“मग?”

“मी हसले का ते आठवत नाही, सर.”

“बरं, दुसरं सांग. या आठवड्यातलं कुठलंही.”

वहिनी खरोखर आठवायला लागली. मन लावून, कपाळाला आठ्या घालून, सरांना एक तरी उदाहरण द्यावं म्हणून. तिला एकही सापडेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते या भीतीने, की आता आपण नापास होणार. तेवढ्यात आतून हाक आली. तिने बाळ आईच्या हातात दिलं, डोळे पुसले, “हो, नेहमीइतकंच” असं पुटपुटत ती आत गेली आणि दार लागलं.

मी सरांवर तुटून पडणार होते. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि थांबले. चाळीस वर्षं मुलांसमोर उभा राहिलेला माणूस आहे तो. न समजता पाठ केलेलं उत्तर त्यांना पाठमोरं बसूनही ओळखू येतं. ते दाराकडे बघत बसले. आई म्हणाली, “काय झालं हो?” मग ते उठले, शर्ट खाली ओढला आणि दारावर टकटक केली.

सिस्टरनी दार किलकिलं केलं. “काका, आत कुणाला येता येणार नाही.”

“परीक्षा थांबवा,” सर म्हणाले. “पेपर फुटलाय.”

बाकांवरच्या सगळ्या आया गप्प झाल्या. आश्चर्य म्हणजे बाळंही.

“कुणी फोडला?” सिस्टरनी विचारलं.

“मी.”

सिस्टरनी हातातल्या कागदाकडे बघितलं. “तरीच. चार प्रश्न झाले आणि चारही उत्तरं इतकी छान आहेत, मी म्हटलं, इतकी छान तर माझीही नाहीत. कांदा चिरताना रडू येतं म्हणाली, तेही तुमचंच?”

“माझंच.” एरवी सर या जागी खूश झाले असते. “सगळीच माझी आहेत. तिचं त्यात एकही नाही.”

सिस्टरनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला, वहिनीसमोरची खुर्ची ओढून तिच्या शेजारी नेली आणि म्हणाल्या, “या सरांचं राहू दे. आपण दोघी नुसत्या बोलू.” आणि दार लावून घेतलं.

ते दार लवकर उघडलं नाही. आमच्यानंतर आलेल्या दोन बाळांची इंजेक्शनं दुसऱ्या सिस्टरनी केली. आतून आवाज येत नव्हता. मग यायला लागला. वहिनी रडत होती. अशी रडत होती की इन्स्पेक्टरसुद्धा आईच्या खांद्यावर मान टाकून ऐकत राहिली. आई उठून आत जायला निघाली, मी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. मध्येच सिस्टर पाणी न्यायला बाहेर आल्या. सर त्यांच्यामागे दोन पावलं गेले.

“रोज माझ्यासमोर बसते हो ती,” सर म्हणाले. “तुम्ही मला विचारलं असतंत, तर मी सांगितलं असतं की अगदी छान आहे. सुधारली आहे, असंच मला वाटत होतं.”

“म्हणूनच तुम्हाला विचारत नाही, काका,” सिस्टर म्हणाल्या. “तिला विचारतो.”

सर परत येऊन बसले. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम आलं की काय करायचं ते मला कळत नाही, म्हणून मी त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली.

मग दार उघडलं. वहिनीचे डोळे सुजले होते, नाक लाल झालं होतं. सिस्टरनी आम्हाला सांगितलं ते अगदी सरळ सांगितलं. बाळंतपणानंतर कुणाकुणाला असं होतं, बऱ्याच जणींना होतं. यात तिचा दोष नाही, घरच्यांचाही नाही. हे आजारपण आहे आणि यातून माणूस बरं होतं. वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाई बसल्या आहेत, त्यांना आत्ता, आजच भेटायचं. घरी तिला एकटीला ठेवायचं नाही, आणि बाळाला सांभाळायला तिच्याबरोबर कायम कुणीतरी हवं. “हात धरून वर न्या,” त्या सरांकडे बघून म्हणाल्या, “आणि जिन्यात काही शिकवू नका.”

सर उठून उभे राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण दुसरे शब्दच त्यांच्याकडे नव्हते. दारातून बाहेर येणाऱ्या प्रत्येक पोराला ते जन्मभर जे विचारत आले, तेच त्यांच्या तोंडून गेलं.

“कसा गेला पेपर?”

आईने त्यांना कोपराने ढोसलं. वहिनीने बाहीला नाक पुसलं आणि सरळ त्यांच्याकडे बघितलं.

“वाईट गेला, सर,” ती म्हणाली. “पण सगळा माझा मी सोडवला.”

सर शाबास म्हणायला गेले. पण शाबासच्या जागी ते भर दवाखान्यात, त्या सगळ्या आयांसमोर, रडायला लागले. मग वहिनीनेच त्यांचा हात धरला आणि आम्ही जिना चढायला लागलो.